चीफची अंबाडी

सिंगापूरला उतरण्याआधी विमानात एक पांढरं कार्ड भरायला देत. त्यावर लाल अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं असे की अमली पदार्थांचा व्यापार केलात तर या देशात मृत्युदंड आहे. मी ते कार्ड पहिल्यांदा भरलं तेव्हा पेन नीट चालत नव्हतं आणि शेजारचा प्रवासी माझ्या खांद्यावर झोपला होता, त्यामुळे लाल अक्षरांचा म्हणावा तसा आस्वाद घेता आला नाही. तो योग चार वर्षांनी सेम्बावांगमध्ये, चीफच्या स्टोअररूमपुढे अनवाणी उभा असताना आला.

चीफ म्हणजे माझे घरमालक. मूळचे नांदेडकडचे. पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची काही चीफ इंजिनिअर म्हणून, आणि मग तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरली. साठवलेलं सगळं घालून सेम्बावांगला एक जुना कॉन्डो घेतला, पाचव्या मजल्यावरचा, आणि त्यातली एक खोली मला दिली. इतक्या स्वस्तात का देताय, असं मी विचारलं नाही. पुण्याचा माणूस असल्या बाबतीत फार चौकशी करत नाही. माझ्या नावाशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पहिल्या दिवसापासून मी 'पुणेकर' होतो, आणि हा शब्द ते नाजूक तब्येतीच्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा उच्चारत.

चीफ घरात राहत नसत, घर चालवत. सकाळी सहाला त्यांचा राउंड सुरू व्हायचा. फ्रिजचं तापमान, गीझरचा आवाज, नळांची गळती, सगळं एका जाड रजिस्टरात चढायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक वॉशिंग मशीनला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत. डॉक्टरसुद्धा इतका वेळ कुणाचं ऐकून घेत नाहीत. एकदा हाच प्रयोग त्यांनी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर केला आणि "पुणेकर, पंख्याचं बेअरिंग जातंय," असं जाहीर केलं. मी आयटीतला माणूस, हसलो. नवव्या दिवशी ऐन क्लायंटच्या कॉलमध्ये लॅपटॉप तापून बंद पडला. चीफ 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त तारीख लिहून घेतली, आणि ते मला जास्त लागलं.

कुठल्याही प्रसंगी त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: "मॅन्युअल काय म्हणतं?" मिक्सर बिघडला तरी हाच, माझा ताप उतरत नव्हता तरी हाच. तापाच्या वेळी त्यांनी खरोखर थर्मामीटरच्या खोक्यातला कागद काढून मला मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने म्हणजे इंजिनरूममधल्या मोठ्याने. आयुष्यभर यंत्रांच्या वरताण बोलून त्यांना हळू बोलणं जमत नसे. हॉकर सेंटरमध्ये ते वर्षानुवर्षं एकाच दुकानात चार नंबरचं माशांचं सूप घेत. पाच नंबर घेऊन बघा म्हटलं तर म्हणाले, "चार नंबर कधी फेल गेलेला नाही. कशाला हात लावायचा?"

काकू, म्हणजे चीफच्या पत्नी, नांदेडला होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चीफ समुद्रावर, त्या शाळेत आणि सासूबाईंच्या सेवेत, असा हा संसार झाला होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दोघांनी एका छपराखाली काढलेले दिवस जोडले तर चारेक वर्षं भरली असती. मुलगा कॅनडात गेला, सासूबाई वारल्या, काकू निवृत्त झाल्या. आता काकूंनी इकडे येऊन राहावं, एवढी एकच गोष्ट चीफना आयुष्याकडून हवी होती. मागे एकदा त्या आल्या होत्या आणि नऊ दिवसांत परत गेल्या होत्या. "यायला हवी आता," असं चीफ मला आठवड्यातून दोनदा तरी सांगत. मला सांगून काय उपयोग होता देव जाणे.

दर रविवारी अकरा वाजता फोन लागे, तोही स्पीकरवर.

"अगं, इकडे काय कमी आहे ते सांग."

"आता काय सांगू? तिथं ज्वारीचं चांगलं पीठ कुठं मिळतंय?"

लगेच पेनाची कुरकुर ऐकू येई. दोन महिन्यांनी भारतातून घरघंटी येऊन पडली आणि तिच्यासोबत ज्वारीचं पोतं. पुढच्या वेळी काकू म्हणाल्या, दुपारी टेकून बसायला ओटा नाही. चीफनी यार्डातल्या सुताराकडून बाल्कनीत लाकडी ओटा करून घेतला. तो जहाजाच्या डेकइतका मजबूत होता. मला वाटायचं, बायकोने सांगितलेलं सामान हा माणूस वाण्याच्या यादीसारखं उतरवून घेतो. नवरे असे असतात याचं मला जरा कौतुकही वाटलं होतं.

मग एका रविवारी काकू म्हणाल्या, "तिथं अंबाडी तरी मिळते का?"

अंबाडी मिळत नव्हती. चीफनी लिटल इंडियातली सगळी भाजीची दुकानं पालथी घातली. शेवटी नांदेडहून बी आलं, बाल्कनीत कुंड्या भरल्या. पण रोपं गुडघ्याएवढी होतात न होतात तोच त्यांना फुलं यायची आणि पानांची वाढ थांबायची. नांदेडला पावसाळ्यात दिवस मोठा असतो, तेव्हा अंबाडी पानांवर येते, आणि दिवस आखडले की फुलते. सिंगापूरला वर्षभर सातला उजाडतं आणि सातला मावळतं, त्यामुळे ती बिचारी जन्मल्यापासूनच फुलायच्या घाईत. हे शास्त्र मला नंतर कळलं. चीफनी मात्र पहिल्याच आठवड्यात ताडलं की काहीतरी सेटिंग चुकतंय, आणि सेटिंग चुकलं की मॅन्युअल पाहिजे. अंबाडीचं मॅन्युअल कोण कशाला लिहील? तेव्हा त्यांनी पानाचा फोटो काढला आणि इंटरनेटला विचारलं, हे पान कुणाचं.

अंबाडीचं वरचं पान पाच बोटांचं असतं, कडेला दाते. इंटरनेटने क्षणात उत्तर दिलं.

त्यानंतर महिनाभराने मी पाणी प्यायला उठलो, पहाट झाली होती, आणि स्टोअररूमच्या दाराखालून जांभळा उजेड येताना दिसला. दार ढकललं. भिंतींना चंदेरी कागद, वर जांभळे दिवे, कोपऱ्यात पंखा, भिंतीवर टायमर, आणि मधोमध सहा कुंड्यांत छातीएवढी झाडं. ते पान मी पाहिलेलं होतं. कॉलेजात असताना निम्म्या होस्टेलच्या टी-शर्टावर ते होतं. पांढरं कार्ड मला आठवलं ते इथे.

पुढचे बारा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज गेलेला होता. खोली सोडावी तर का सोडली हे सांगावं लागेल, न सोडावी तर त्याच छपराखाली सापडू. पोलिसांना सांगावं, तर ताप आल्यावर रात्रभर उशाशी बसलेला माणूस डोळ्यापुढे यायचा. इतक्या उदात्त विचारांनंतर मी जे केलं ते म्हणजे चीफशी बोलणं टाळणं आणि स्वयंपाकघरात कशालाही हात लावण्याआधी वास घेणं. तेराव्या दिवशी त्यांनीच विचारलं.

"पुणेकर, तू कोथिंबीर हुंगतोस का हल्ली?"

मी भडाभडा सगळं बोललो. चीफनी मला दंडाला धरून स्टोअररूममध्ये नेलं, एक पान तोडलं आणि म्हणाले, "चाव."

आंबट होतं. माझ्या आजोळी कण्या घालून जी भाजी व्हायची तीच चव. आम्ही पुण्याचे लोक, भाजी जुडीतच उगवते अशी आमची समजूत. अंबाडीचं उभं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी दुसरं पान मागून खाल्लं. मग त्यांनी मॅन्युअल दाखवलं. छापून, भोकं पाडून फाइलला लावलेली शंभर पानं, पिवळ्या शाईने खुणा केलेली. ते सबंध मॅन्युअल गांजाचं होतं.

"चीफ, हे गांजा पिकवणाऱ्यांचं आहे."

"असेल. पण काय शिस्त आहे बघ. रोजचं तापमान, उजेडाचे तास, पाण्याची आम्लता, सगळ्याची नोंद. माझ्या थर्ड इंजिनिअरनी असं लॉग कधी ठेवलं नाही."

"झाड वेगळं आहे."

"पंप जपानी असो की कोरियन, मॅन्युअल थोडंफार सारखंच असतं."

"निदान फेकून तरी द्या."

"मॅन्युअल फेकत नसतात," ते म्हणाले, आणि विषय संपला. मी आणखी जोर धरायला हवा होता. पण पान आंबट निघाल्याच्या आनंदात मी बेसावध होतो, आणि खोली स्वस्त होती.

मॅन्युअलबरहुकूम चालण्यात एक अडचण अशी की ते ज्या कामासाठी लिहिलेलं असतं त्याच कामाला नेतं. पहिल्या टप्प्यात उजेडाचे तास वाढवून अंबाडी झकास पानांवर आली. तिथेच थांबून भाजी करायची. पण पुढच्या पानावर दुसरा टप्पा होता, त्यात उजेड कमी करायला सांगितला होता. चीफनी केला. त्या लोकांना फुलंच हवी असतात हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पंधरा दिवसांत सहाही झाडांना फिकट पिवळी, मध्ये तांबूस डोळ्याची फुलं आली, फार सुंदर, आणि पानं राठ व्हायला लागली. इकडे काकूंचं तिकीट निघालं होतं. पाडव्याच्या आधी दोन आठवडे त्या येणार होत्या.

चीफ तीन दिवस फाइलमध्ये डोकं घालून बसले. चौथ्या दिवशी त्यांना पान सापडलं. घरात फुलावर आलेलं झाड वसंताच्या सुरुवातीला बाहेर काढून ठेवलं, तर दिवस मोठे होत जातील तसं ते फुलायचं सोडून पुन्हा पानांवर येतं, असं कुठल्यातरी थंड देशातल्या गृहस्थाने लिहून ठेवलं होतं.

"मार्च आहे," चीफ म्हणाले. "वसंत."

मी त्यांना म्हटलं, चीफ, आपण विषुववृत्ताच्या मांडीवर बसलोय. इथे वसंत मॉलमध्ये येतो, कागदी फुलांचा. इथे दिवस मोठा होत नाही. तुम्ही विषुववृत्त शंभर वेळा ओलांडलंय, हे मी तुम्हाला सांगायचं?

"सूर्य बघायचं काम वर ब्रिजवरून जहाज हाकणाऱ्यांचं," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही खाली असायचो."

मग झाडांना बाहेरच्या हवेची सवय लावणं सुरू झालं. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, ऊन लागू नये म्हणून वर छत्री. पहाटे कुंड्या बाहेर काढून ऑफिसला जाण्याआधी आत घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्याभरात झाडं दिवसभर बाल्कनीत उभी राहायला लागली. समोरच्या ब्लॉकमधली ऑर्किडवाली आंटी आपल्या झाडांना पाणी घालता घालता थबकली, चष्मा आत ठेवून दुसरा घेऊन आली आणि पुन्हा बघत बसली. मी तिला हात हलवला. तिने हलवला नाही.

काकू शनिवारी आल्या. बारीक अंगकाठी, कॉटनची साडी, पायात शाळेत घालायच्या चपला. घर फिरून पाहिलं, ओट्यावर हात फिरवला, घरघंटीकडे बघितलं, आणि प्रत्येक वेळी "बरंय" म्हणाल्या. परतीचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं होतं. चीफ त्यांच्या मागे मागे फिरत होते, जहाज तपासायला आलेल्या सर्व्हेयरच्या मागे फिरावं तसे. बाल्कनीचं दार त्यांनी उघडलं नाही. पानं अजून राठच होती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा बेल वाजली. दारात कॉन्डोचा गार्ड, त्याच्यामागे साध्या कपड्यांतले दोन अधिकारी. ओळखपत्रं दाखवली, चपला काढल्या, फार सभ्य माणसं होती. बाल्कनीत गेले. थोरल्याने झाडाभोवती एक फेरी मारली.

"अंकल, धिस वन युवर प्लांट अह?" त्याने सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"येस. फूड. व्हेजिटेबल."

"व्हेजिटेबल, नेव्हर सी बिफोर लेह."

इथे गप्प बसायचं, पान चावायला द्यायचं, काहीही करायचं. पण चीफ आयुष्यभर तपासणीला सामोरे गेलेले. कुणी प्रश्न विचारला की कागदपत्रं पुढे करायची, एवढंच त्यांना माहीत. ते आत गेले आणि रजिस्टर अन् फाइल, दोन्ही घेऊन आले. मी डोळ्यांनी केलेल्या खुणा त्यांनी पाहिल्या नाहीत.

अधिकाऱ्याने फाइल उघडली. पहिल्या पानावर त्या वनस्पतीचं चित्र होतं, त्याखाली तिचं नाव. त्याने दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, पिवळ्या खुणा पाहिल्या.

"अंकल, यू प्रिंट ऑल धिस?"

"बोथ साइड्स," चीफ म्हणाले. "टू सेव्ह पेपर."

मग त्याने रजिस्टर घेतलं. त्यात झाडांच्या नोंदी होत्या, पण तो पहिल्या पानापासून सुरू झाला. यार्डात जहाज दुरुस्तीला येतं तेव्हा सोबत बिघाडांची यादी येते, डिफेक्ट लिस्ट. एकेक दुरुस्ती झाली की पुढे 'क्लोज्ड' लिहितात, आणि सगळे क्लोज्ड झाले की जहाज जातं. पहिल्या पानावर चीफच्या सुबक इंग्रजीत मथळा होता: वाइफ, डिफेक्ट लिस्ट, सिंगापूर. अधिकारी ती मोठ्याने वाचायला लागला. देव्हारा, क्लोज्ड. लोखंडी तवा, क्लोज्ड. तुळस, क्लोज्ड.

"नंबर सिक्स. वन मराठी-स्पीकिंग पर्सन. क्लोज्ड." त्याने मान वर केली. त्याचा आवाज बदलला होता. "अंकल. धिस पर्सन. व्हेअर इज ही नाऊ?"

मी हात वर केला.

मग मला कळलं खोली स्वस्त का होती. मी येण्याआधी केव्हातरी काकू फोनवर म्हणाल्या असतील, तिथं बोलायला कुणी नाही, आणि चीफनी बोलायला कुणीतरी आणून बसवला. घरघंटीच्या आणि ओट्याच्या रांगेत मी बसलो होतो, आणि मला उगीचच वाटत होतं की या माणसाला माझा लळा लागलाय. वाईट वाटलं मला. अधिकाऱ्यांसमोर वाटायला नको होतं, पण वाटलं.

माझ्याखाली ज्वारीचं पीठ, ओटा, तेही क्लोज्ड; यादीत एकच नोंद उघडी होती. अकरा: अंबाडी.

काकू इतका वेळ ओट्याशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, एक पान तोडलं, अर्धं स्वतः चावलं आणि अर्धं शाळेतल्या मुलाला द्यावं तसं धाकट्या अधिकाऱ्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, पण खाल्लं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. कुंड्या, दिवे, फाइल, रजिस्टर सगळं तपासणीसाठी गेलं. जबाब घेतले. निकाल लागेपर्यंत देश सोडू नका, असं सांगितलं. माझ्या अर्जाला मी मनातल्या मनात निरोप दिला.

बाल्कनीत मातीचे सहा गोल राहिले. चीफ ते पुसायला बसले.

"ती यादी माझी होती?" काकूंनी विचारलं.

"तू सांगितलेली. एकच राहिली होती. परत लावू. नुसतं पानांवर थांबायचं, आता कळलंय."

"अहो, मला अंबाडी आवडत नाही."

चीफ पुसायचे थांबले.

"आत्यांना आवडायची, तुमच्या आईंना. तीस वर्षं मी ती निवडली, शिजवली, आणि स्वतः ताकभाकरी खाल्ली. तुम्ही घरी असता तर दिसलं असतं."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुम्ही दर रविवारी विचारायचात, काय कमी आहे. काहीतरी सांगावंच लागायचं. पाच वर्षांत एकदा तरी म्हणालात का, ये म्हणून? आत्तासुद्धा तिकीट पाठवलंत ते मेलवर. खाली काय लिहिलंत? प्लीज कन्फर्म."

मी आत जायला हवं होतं. पण मराठी बोलणारा माणूस म्हणून माझी नेमणूक झालेली असल्याने मी तिथेच उभा राहिलो. चीफ फडकं हातात धरून उकिडवे बसले होते. एवढा गडगडाटी आवाजाचा माणूस, पण जे बोलले ते मला ओठांवरूनच समजलं.

"ऐकू आलं नाही," काकू म्हणाल्या.

"राहा," चीफ म्हणाले. समोरच्या ब्लॉकमधली आंटी दचकून आत गेली.

"चहा टाकते," म्हणून काकू आत गेल्या.

सहा दिवसांनी थोरला अधिकारी रजिस्टर परत द्यायला आला. झाडं निर्दोष होती, फक्त आता वाळलेली होती. फाइल मात्र त्याने ठेवून घेतली. "अंकल, नेक्स्ट टाइम व्हेजिटेबल बाय फ्रॉम मार्केट, कॅन?" एवढंच म्हणाला. माझा अर्ज पुढे वर्षभराने नामंजूर झाला, पण तो अंबाडीमुळे नसावा. माझी योग्यताच तेवढी असेल.

परतीच्या तिकिटाचा रविवार आला. सकाळपासून मी कान लावून होतो. बॅगेची चेन वाजली नाही, टॅक्सीला फोन गेला नाही. दुपारी हॉलमधून आवाज यायला लागले. खिडकी उघडी ठेवायची की एसी लावायचा, यावरून दोघांचं जुंपलं होतं. काकू म्हणत होत्या, बंद घरात जीव गुदमरतो. चीफ म्हणत होते, कॉम्प्रेसरवर लोड येतो. दीड तास झाला तरी खिडकीचा निकाल लागेना. दरम्यान भांडण सासूबाईंच्या आजारपणापर्यंत आणि मुलाच्या मुंजीला न मिळालेल्या रजेपर्यंत जाऊन पोचलं होतं. मला मध्यस्थीला कुणी बोलावलं नाही. इतक्या वर्षांत त्या घरात एवढं मराठी मी ऐकलं नव्हतं.

मी खोलीचं दार लावून घेतलं. सेरंगूनला एक खोली रिकामी आहे असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, त्या मालकाला फोन लावला.

"आत्ताची जागा का सोडताय?" त्याने विचारलं. "काही प्रॉब्लेम?"

"नाही," मी म्हटलं. "इथलं माझं काम झालं."